माळ्यावर माणूस झोपणार असेल तर

लग्न होऊन सांगलीच्या खणभागातल्या या घरात आले तेव्हा माळ्यावर जायला शिडीवजा जिना होता. अकरा पायऱ्या, पाऊल जेमतेम टेकेल एवढ्या, आणि वर डोक्याने ढकलून उघडायची लाकडी झडप. वर तांब्याचा बंब, लग्नकार्यातल्या पराती, सासऱ्यांच्या दुकानाच्या जुन्या वह्या, चार ट्रंका, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. वर्षातून दोनदा कोणीतरी वर जायचं, दसऱ्याला आणि उन्हाळ्यात. बाकी माळा आपला आपल्या जागी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या माळ्यावर आम्ही सहा जणांनी एक अख्खी रात्र काढली.

सांगलीत राहणाऱ्याला आयर्विन पुलावरचे कृष्णेच्या पाण्याचे आकडे तोंडपाठ असतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २००५ ला पाणी आमच्या ओट्याच्या वरच्या पायरीपर्यंत आलं होतं, म्हणून २०१९ लाही तिथवरच येईल असं धरून बसलो. त्या वर्षी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. संध्याकाळी पाणी उंबऱ्याला लागलं, रात्री नऊला माजघरात गुडघाभर, आणि अकराच्या सुमारास स्विचबोर्डाच्या खाली हातभर. सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांना त्या शिडीवरून वर कसं चढवलं हे आठवलं की अजून माझे हात थरथरतात. मुलगा वरून ओढतोय, हे खालून आधार देतायत, आणि मी पाण्यात उभी राहून त्यांचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवतेय. वर गेल्यावर कळलं, हवेला फक्त एक हातभर झरोका आहे. पहाटे यांनी चार कौलं काढली तेव्हा आईंना मोकळा श्वास आला. सकाळी बोट आली ती बोळाच्या तोंडाशी, आणि आम्ही पुन्हा त्याच शिडीवरून खाली छातीभर पाण्यात उतरलो. दुसरी वाटच नव्हती.

त्यानंतर माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. वर एक नीट खोली हवी. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा आम्ही आधीच नातेवाइकांकडे विश्रामबागला गेलो होतो. पण परत आल्यावर मी म्हणाले, आता हे काम करायचंच.

पहिल्यांदा आला तो एक फॅब्रिकेशनवाला. अर्ध्या तासात माप घेतलं. लोखंडी अँगल, वर प्लाय, खालून पीव्हीसीचं छत, गोल फिरता जिना, आठ दिवसांत काम, दोन लाख. परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "वहिनी, आतल्या आत करायचंय, कोण बघतंय?" यांना पटलं होतं. मलाही जवळजवळ पटलं होतं. आठ दिवसांत वर झोपायला जागा मिळणार म्हटल्यावर कोणाला पटणार नाही? पण आमच्या बँकेत घरतारण कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. मंजूर नकाशात नसलेल्या वाढीव खोलीमुळे लोकांची घरं विकताना, कर्ज घेताना, भावाभावांत वाटणी करताना कशी अडकतात, हे मी रोज बघते. म्हणून मी थांबले आणि एका स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंना बोलावलं.

बाई आल्या, शिडी चढून वर गेल्या, झडपेतून डोकं काढून खाली मला विचारलं, "इथं ट्रंक राहणार आहे की माणूस?"

पुढची दीड वर्षं आम्ही या एकाच प्रश्नाचं उत्तर देत होतो. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत लॉफ्ट म्हणजे सामान ठेवायची, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची जागा. तिथं माणूस राहतो असं नियम धरतच नाही. माणूस राहणार म्हटलं की ती राहती खोली होते, आणि मग उंची, रुंदी, उजेड, वारा, जिना, वजन, सगळंच नव्याने मोजावं लागतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. उतरत्या छपराला सरासरी तेवढी. घरात एकच राहती खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटर, रुंदी २.४ मीटरपेक्षा कमी नको. आमची एकच नव्हती, पण बाई म्हणाल्या, पुरात हीच एक उरणार आहे, तर तेच माप धरू.

आमच्या माळ्याला आढ्याखाली, म्हणजे मधोमध, अकरा फूट उंची आणि वळचणीला, म्हणजे कडेला, चार. सरासरी साडेसात. नऊ कुठून आणायचे? मला वाटलं, संपलं. भिंती चढवून अख्खं छप्पर उचलायचं म्हणजे पैशाचा विषयच वेगळा, आणि आमच्या जुन्या भिंती मातीत बांधलेल्या, त्यांच्यावर आणखी विटा चढवायला बाई तयार नव्हत्या. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर छपराचा त्रिकोण काढला आणि आढ्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार फुटांवर उभ्या रेघा मारल्या. तिथं छपराची उंची आठ फूट. म्हणजे मधला आठ फुटी पट्टा घेतला तर मधोमध अकरा, दोन्ही कडांना आठ, सरासरी साडेनऊ. लांबी तेरा फूट घेतली की एकशे चार चौरस फूट, साडेनऊ चौरस मीटरच्या वर. दोन्ही बाजूंचा उतरता भाग फळ्यांनी बंद करून कपाटं. ट्रंका तिकडे, माणूस मध्ये. ती वही मी बाईंकडून मागून घेतली आहे.

मग आल्या तुळया. खालून बघितलं तर आमचा कडीपाट, म्हणजे तुळया-फळ्यांचं छत, देखणा आहे, सागवानी, दर दिवाळीला तेल लावलेला. बाईंबरोबर आलेल्या सुतारमामांनी हातोडीच्या दांड्याने एकेक तुळई ठोकत आवाज ऐकला. पहिल्या दोन खणखणीत वाजल्या. तिसरीला भिंतीजवळ आवाज बसका आला. मामांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि तुळई भिंतीत शिरते तिथं टेकवून नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा पात्याला ओला भुसा आणि दोन पांढऱ्या वाळव्या. "वहिनी, तेल वरून पितंय, आतून पोकळ हाय," मामा म्हणाले. पाचव्या तुळईचंही तेच. दोन्ही टोकं सामाईक भिंतीतली. पुराचं पाणी त्या भिंतीत दोनदा मुरलेलं, आणि आत टोकाला वारा लागायला जागा नाही. त्या फॅब्रिकेशनवाल्याचा अँगल याच दोन तुळयांवर बसणार होता, आणि त्यावर माझी मुलगी झोपणार होती.

वजनाचा हिशोब ऐकला तेव्हा मी चकित झाले. कडीपाटावर चार इंच मातीचा थर होता, जुन्या घरांत असतोच, उन्हाचा ताप खाली येऊ नये म्हणून घातलेला. चार इंच माती म्हणजे चौरस मीटरला साधारण एकशे साठ किलो. आणि राहत्या खोलीत माणसं, पलंग, कपाट यांच्यासाठी भारतीय मानकात धरतात ते चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास. म्हणजे आमच्या तुळया आधीच जवळजवळ एका भरल्या खोलीचं ओझं वाहत उभ्या होत्या. माती तशीच ठेवून वर माणसं नेली तर भार दुपटीच्या वर. म्हणून आधी माती उतरवली. त्या एकशे चार फुटांतूनच दीड टन निघाली, घमेल्या-घमेल्याने, दोन गडी तीन दिवस. मऊ, पिवळट माती होती, मधूनच भाताचं तूस आणि कोळशाचे खडे. आईंनी त्यातलं एक घमेलं तुळशीला घालून घेतलं.

तुळया बदलायच्या ठरल्या आणि शेजारचे अण्णा दारात. भिंत दोघांची. त्यांचं म्हणणं साधं होतं, तुम्ही तुळईचं टोक उपसताना माझ्या बाजूची वीट हलली तर? मला पहिल्यांदा राग आला. पण अण्णांच्या घरातही पाणी शिरलं होतं, त्यांच्याही भिंतीला तेवढीच ओल. महापालिकेतून परवानगीची फाइल एकदा परत आली तीही याच मुद्द्यावर, सामाईक भिंतीला शेजाऱ्याची संमती जोडा म्हणून. शेवटी बाईंनी नकाशा बदलला. कुजलेल्या टोकांना भिंतीतून उपसायचंच नाही. भिंतीपासून नऊ इंच आत आमच्या जागेत दोन लोखंडी खांब, स्वतःच्या पायावर, त्यांवर आडवं चॅनेल, आणि तुळईचा भार तिथंच उतरवायचा. खर्च बेचाळीस हजारांनी वाढला. अण्णांनी चहा पिता पिता नकाशावर बोट फिरवून बघितला, आणि सही केली.

परवानगीबद्दल थोडं लिहिते, कारण हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे. घराच्या आतलीच दुरुस्ती, बाहेरच्या रूपात फारसा बदल नाही, अशा कामाला त्यात सूट आहे, आणि "आतल्या आत" म्हणणारे सगळे त्याच सुटीच्या आधाराने बोलतात. पण आम्ही पुढच्या त्रिकोणी भिंतीत खिडक्या पाडत होतो, राहतं क्षेत्र वाढवत होतो, भार वाहणारे भाग बदलत होतो. हे दुरुस्तीत बसत नाही. विनापरवाना बांधकामाला कलम ५३ ची नोटीस येऊ शकते, ती आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी अर्ज केलेला बरा. आम्हाला लागलं ते सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीची पावती, आहे त्या घराचा मोजून काढलेला नकाशा (जुना मंजूर नकाशा सासऱ्यांच्या वेळचा कुणाला सापडला नाही), नवा नकाशा, इंजिनिअरचा मजबुतीचा दाखला आणि अण्णांची संमती. शिवाय आमचं घर निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये येतं. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. त्या पट्ट्यात नवं बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं, म्हणून पूररेषेच्या नकाशावर आपलं घर नेमकं कुठं आहे हे अर्ज करण्याआधी बघून घ्या.

काम अर्ध्यावर असताना माझ्या बहिणीच्या मुलाचा फोन आला. तो इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, दोन वर्षांपूर्वी त्याने तिथल्या चाळीसारख्या ओळीतल्या घराचा माळा खोलीत बदलला. मी कौतुकाने व्हिडिओवर सगळं दाखवत होते. आढं, खिडक्यांची जागा, नवा जिना कुठं उतरणार ते. त्याने सगळं बघितलं आणि विचारलं, "मावशी, जिना स्वयंपाकघरात उतरतोय?"

उतरत होता. तिथंच जागा होती.

मग त्याने त्याची गोष्ट सांगितली. तिकडे दोन परवानग्या वेगळ्या असतात. घराच्या बाहेरच्या रूपाची एक, आणि बांधकाम नियमांची दुसरी. ओळीतल्या घराला छपरात चाळीस घनमीटरपर्यंतची वाढ इतर अटी पाळल्या तर नियोजन खात्याकडे वेगळा अर्ज न करता करता येते, पण बांधकाम नियम कोणालाच चुकत नाहीत, माळ्याची खोली म्हटली की निरीक्षक येतोच. दुमजली घराच्या माळ्याची जमीन साडेचार मीटरच्या वर जाते, आणि तेवढ्या उंचीवरून खिडकीतून उडी मारून सुटता येईल असं तिथले नियम मानत नाहीत. म्हणून वरून थेट घराच्या बाहेरच्या दारापर्यंत येणारा जिना आगीपासून सांभाळलेला हवा. जिन्याकडे उघडणाऱ्या खोल्यांना आग काही वेळ थोपवतील अशी दारं, प्रत्येक मजल्यावर मेन लाइनला जोडलेले धुराचे अलार्म, आणि तेही एकमेकांना जोडलेले, म्हणजे खाली धूर झाला तरी वर झोपलेल्याच्या डोक्याशी वाजेल. जिन्यावर डोक्याला दोन मीटर मोकळं, उतरत्या छपराखाली अगदीच अडचण असेल तर मध्यावर १.९. सामाईक भिंतीसाठी १९९६ चा वेगळा कायदा, शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस. हे ऐकून मला अण्णा आठवले. सगळं झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला, तो नसेल तर पुढे घर विकताना घेणाऱ्याचा वकील पहिलं तेच मागतो.

त्याचे नियम त्याच्या देशाचे. आपल्या घराला ते लागू नाहीत. पण त्याचा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना. गॅसची टाकी, शेगडी, आणि तिच्यापासून चार हातांवर वरच्या खोलीतून खाली यायची एकमेव वाट. पुरात अडकलो तेव्हाही एकच वाट होती, आणि मी इतकं खपून पुन्हा एकच वाट बांधत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. जिना माजघराच्या पुढच्या कोपऱ्यातून काढायचा, म्हणजे उतरलं की समोर ओट्याचं दार. पण त्या कोपऱ्यात देवघर. आईंनी ऐकताक्षणी नाही म्हटलं. पन्नास वर्षांची जागा. मी वाद घातला नाही. नवा जिना दहा फूट उंचीला सतरा उठावांचा (उठाव म्हणजे एका पायरीची उंची), पायरी अडीचशे मिलिमीटर रुंद, मध्ये वळणाचा चौथरा. संहितेत उठाव १९० च्या आत हवा, आमचा १८० च्या आसपास आला. तो चौथरा नेमका कोपऱ्यात येत होता. सुतारमामांनी आईंना खडूने जमिनीवर जिना आखून दाखवला आणि म्हणाले, "आजी, चौथऱ्याखाली देव बसवू या की, पण देवाच्या डोक्यावर पाय नको म्हणून वरचा भाग कपाटाचा करतो." आई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच देव पूर्वेच्या भिंतीकडे हलवले आणि मला म्हणाल्या, "तिथं उजेड जास्त आहे."

बाकीची कामं पटापट झाली. कौलांखाली फळ्या, मध्ये हवेला जागा, नाहीतर एप्रिलच्या दुपारी वर बसवणार नाही. वीज वरची वेगळ्या लाइनवर, जादा भाराला पडणारी एमसीबी आणि विजेच्या गळतीला बंद होणारं आरसीसीबी, बोर्ड आता कमरेला नाही तर वरच्या मजल्यावर. खाली पाणी शिरलं तर खालची वीज पाडून वरचा दिवा चालू ठेवता येतो.

खिडक्यांवर मात्र मी अडून बसले. पुढच्या भिंतीत तीन बाय तीनच्या दोन, मिळून अठरा चौरस फूट, खोलीच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा थोड्या जास्त. उष्ण-दमट हवेला संहिता तेवढंच मागते. ग्रिलवाला आला, त्याने नेहमीप्रमाणे दोन्ही खिडक्यांना पक्कं ग्रिल ठोकायची तयारी केली. आपल्याकडे चोरांसाठी घराला पिंजरा करायची सवय आहे, आणि त्या पिंजऱ्यात आपणच आत असतो. मी म्हणाले, उजवीकडच्या खिडकीचं ग्रिल बिजागरीवर. आतून कडी, कुलूप नाही. खिडकीचा काठ जमिनीपासून साडेतीन फूट, आईंना स्टुलावरून चढता येईल एवढा. बाहेर भिंतीत दोन लोखंडी कड्या गाडून घेतल्या, बोटीचा दोर बांधायला. ग्रिलवाल्याने तीनदा विचारलं, "नक्की ना?" मी तीनदा हो म्हटलं.

सगळं मिळून सहा लाख दहा हजार गेले, आणि परवानगीचे पाच महिने धरून दीड वर्ष. फॅब्रिकेशनवाल्याच्या दोन लाखांच्या तिप्पट. यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही, पण हिशोबाची वही मी त्यांच्यासमोर उघडून ठेवली होती.

मुलगी आता तिथं अभ्यास करते, तिथंच झोपते. आई चौऱ्याऐंशीच्या झाल्या. कठड्याला हात लावून, चौथऱ्यावर एकदा थांबून, एकट्या वर जातात. पहिल्यांदा गेल्या तेव्हा पायऱ्या मोजत गेल्या. मी मागे होते, पण हात धरावा लागला नाही. वर जाऊन त्या सरळ उजव्या खिडकीकडे गेल्या, कडी काढली, ग्रिल बाहेर ढकललं आणि खाली बोळात किती अंतर आहे ते वाकून बघितलं.

मृग लागला की त्या मला बिजागरीला तेल घालायला लावतात. या वर्षी मी विसरले होते. त्यांनीच स्वयंपाकघरातून तेलाची वाटी आणि कापूस घेऊन मला वर हाक मारली.